लघुपटाचं विश्लेषण: तंत्रांची सगळी नावं लिहिली, तरी सर म्हणतात ‘विश्लेषण कुठे आहे?’

केळीबाग

नमस्कार मंडळी. मी रावेर तालुक्यातली, जळगावात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका लघुपटातल्या दृश्यतंत्राचं विश्लेषण पंधराशे शब्दांत लिहून द्यायचंय. मी सत्यजित राय यांचा ‘टू’ (१९६४) घेतला. कृष्णधवल, बारा-पंधरा मिनिटांचा, संवाद एकही नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. मोठ्या घरातला एक मुलगा एकटाच खेळतोय, हातात कोका-कोलाची बाटली. बाहेरून बासरी ऐकू येते. खिडकीतून बघतो तर खाली झोपडीपाशी एक गरीब मुलगा बासरी वाजवतोय. वरचा मुलगा खेळण्यातला बिगुल आणून मोठ्याने वाजवतो. खालचा ढोलकं आणतो, वरचा बॅटरीवर ढोल बडवणारं माकड दाखवतो. मग मुखवटे, शस्त्रं. खालचा हरून आत जातो. थोड्या वेळाने आकाशात त्याचा पतंग दिसतो. वरचा मुलगा आधी गलोल, मग छर्‍याची बंदूक काढतो आणि पतंग पाडतो. शेवटी तो आपल्या खेळण्यांत परततो, तर पुन्हा बासरी. तो नुसता बसून राहतो आणि चालता यंत्रमानव खेळण्यातला मनोरा पाडतो.

माझ्या पहिल्या खर्ड्यातला एक परिच्छेद असा होता (लो अँगल म्हणजे कॅमेरा खालून वर बघतो, हाय अँगल म्हणजे वरून खाली, क्लोजअप म्हणजे अगदी जवळून घेतलेला शॉट):

“दिग्दर्शकाने लो अँगलचा वापर करून श्रीमंत मुलाची ताकद प्रभावीपणे दाखवली आहे. हाय अँगलमुळे गरीब मुलगा लहान व असहाय वाटतो. क्लोजअपमुळे भावना प्रेक्षकांपर्यंत पोहोचतात. संगीत प्रसंगाला साजेसे आहे.”

सरांनी समासात लिहिलं, ‘हे कोणत्याही फिल्मबद्दल लिहिता येईल.’ बरोबर असेल, पण मग नेमकं काय लिहायचं? संक्रांतीनंतरच्या सोमवारी द्यायचंय.

नंदुरबारी

सेम. आमच्याकडेही हाच प्रकल्प आहे. धाग्यावर बसून आहे.

गिरणाकाठ

केळीबाग, सरांचा शेरा मनाला लावून घेऊ नकोस, पण खरा आहे तो. मी काही वर्षं हा विषय शिकवलाय. निम्म्याहून जास्त वह्यांत हाच परिच्छेद असतो, फक्त फिल्मचं नाव बदलतं.

अडचण कुठे होते ते सांगते. ‘लो अँगल म्हणजे ताकद, हाय अँगल म्हणजे दुबळेपणा’ हे आपण शब्दकोशासारखं पाठ करतो. कॅमेऱ्याच्या कोनाला स्वतःचा असा अर्थ नसतो. शेजारच्या शॉटवरून आणि त्याच फिल्ममध्ये तोच कोन आधी कुठे आलाय त्यावरून अर्थ ठरतो. १९२० च्या आसपास रशियात दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह यांनी केलेला प्रयोग तुम्हाला शिकवला असेलच. नटाचा तोच निर्विकार चेहरा, एकदा सुपाच्या वाटीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, एकदा स्त्रीशेजारी. लोकांना एकदा भूक दिसली, एकदा दुःख, एकदा अभिलाषा. चेहरा तोच. मग ‘क्लोजअपमुळे भावना पोहोचतात’ या वाक्यात राहिलं काय? कुठली भावना, कशाशेजारी ठेवल्यामुळे?

माझी आजी अहिराणीत म्हणायची, “आधी देख, मंग सांग.” तू आधी सांगितलंस. नावं बाजूला ठेव आणि जे दिसतं, ऐकू येतं ते साध्या मराठीत लिही. ‘मुलगा खिडकीशी उभा आहे, नजर खाली आहे, पुढच्या शॉटमध्ये जमिनीवरचा मुलगा मान वर करून बघतोय.’ इतकं साधं. मग प्रत्येक शॉटला एक प्रश्न विचार: हा दुसऱ्या तऱ्हेने घेतला असता तर काय बिघडलं असतं? समज, कॅमेरा खाली अंगणातच ठेवला असता आणि पूर्ण फिल्म गरीब मुलाच्या बाजूने पाहिली असती, तर? ज्या शॉटबद्दल उत्तर ‘काहीच बिघडलं नसतं’ असं येईल त्याच्यावर शब्द खर्च करू नकोस. जिथे उत्तर देताना तू अडखळशील तिथेच तुझा निबंध आहे.

आणि गोष्ट सांगण्यात किती शब्द गेलेत ते मोज. खर्ड्यात निम्मे गेले असतील तर पाव कर.

केळीबाग

ताई, मोजले. सहाशे गोष्टीतच गेले. 😔

संकलक_धुळे

मी धुळ्यात लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, बारा वर्षं झाली. शाळेत चित्रपट शिकलो नाही, पण कापाकापी रोजची आहे, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो.

आधी फिल्म तीनदा बघ. एकदा नेहमीसारखी. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. तिसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त ऐकत. संवाद नाहीत म्हणून ही तिसरी वेळ टाळू नकोस, या फिल्मला तर तीच जास्त लागेल. मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये लावून बस. की-बोर्डवरची ई दाबली की एकेक फ्रेम पुढे सरकते, कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होतो ती जागा, नेमका कुठे आहे ते सापडतं. वहीत आडवं पान घे आणि रकाने आख: शॉट नंबर, वेळ, लांबून की जवळून, कॅमेरा कुठल्या उंचीवर, हलतो की स्थिर, आवाज कुठला, घडतं काय. शेवटचा एक रकाना मोकळा ठेव, जे खटकेल ते त्यात.

कंटाळवाणं काम आहे. एक रात्र जाईल. पण त्यातून जे निघेल ते नेटवर कुठून उचललेलं नसेल, तुझं असेल.

गणितही कर. समज बारा मिनिटांत १२० शॉट निघाले, म्हणजे ७२० सेकंद भागिले १२०, सरासरी सहा सेकंद. पण पूर्ण फिल्मची सरासरी एकटी घेऊन उपयोग नाही. बिगुल-ढोलकं-माकड हा भाग वेगळा मोज, पतंगाचा वेगळा, शेवट वेगळा. चढाओढ वाढते तसे शॉट आखूड होतात का, की राय यांनी मुद्दाम तसं केलेलं नाही? आकडा काय येईल ते मी सांगणार नाही, तू मोज. दुलाल दत्त यांचं संकलन आहे, त्यांचा हात ओळखायला शिकशील.

आता नजरेचं. माझ्या कामात रोज लागणारी गोष्ट आहे ही. हळदीच्या वेळी नवरीची आई डावीकडे बघून डोळे पुसते. पुढचा शॉट मी नवरीचा लावला आणि नवरी उजवीकडे बघत असली, तर दोघी एकमेकींकडे बघतायत असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात मधे अर्धा तास गेलेला असतो. नवरीही डावीकडेच बघत असली तर दोघी तिसऱ्याच कुणाकडे बघतायत असं दिसतं, आणि नाळ तुटते. म्हणून दोन माणसांच्या मधून एक रेघ आहे असं धरायचं आणि कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. एकशे ऐंशी अंशांचा नियम म्हणतात तो हाच. ‘टू’मध्ये ही रेघ आडवी नाही, तिरपी आहे. खिडकीतून जमिनीवर येणारी. एकाची नजर खाली, दुसऱ्याची वर, आणि कट नजरेवर. दोघं वेगवेगळ्या दिवशी शूट केले असते तरी ते समोरासमोरच वाटले असते. ही पोरं एका फ्रेममध्ये किती वेळा येतात आणि कोणाच्या बाजूने, ते तुझ्या रकान्यात वेगळ्या रंगाने लिही.

पारोळकर

स्पष्ट बोलतो, राग नसावा. सेकंद मोजून, रकाने आखून फिल्म बघितली तर त्यातला रस उरतो का? मी ‘टू’ काही वर्षांपूर्वी पाहिला. शेवटी बासरी ऐकली आणि घशात आवंढा आला. तो आवंढा कुठल्या रकान्यात लिहायचा? पोरांना फिल्मवर प्रेम करायला शिकवायचं की पंचनामा करायला?

गिरणाकाठ

पारोळकर, तुमच्या आवंढ्यापासूनच सुरुवात करायची आहे, तो टाकून द्यायचा नाही. भरीत खाणाऱ्या प्रत्येकाला आवडतं. पण पहिल्या घासाला ज्याला कळतं की वांगं गॅसवर भाजलंय की कपाशीच्या काड्यांवर, त्याची चव काही कमी होत नाही. वाढतेच. आवंढा कुठल्या सेकंदाला आला हे शोधणं म्हणजे तुमच्या अनुभवाला मान देणं आहे. पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर सर राय यांचा ‘पथेर पांचाली’ शॉट-शॉट करून शिकवायचे, आणि त्या वर्गातून बाहेर पडलेली माणसं त्या फिल्मवर आयुष्यभर प्रेम करत राहिली.

रिळवाला

अमळनेरकर आहे. तरुणपणी टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होतो, यात्रा-यात्रांत तंबू घेऊन फिरलो. आता वय झालं, नातवाने टाइप करून दिलंय.

पारोळकर भाऊंचं आणि ताईंचं दोघांचं मला पटतं. आम्ही ऑपरेटर लोक पडद्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघत असू, कारण फिल्म पन्नासदा बघून झालेली. तंबूत खाली सतरंजीवर दोन-तीनशे माणूस, लेकरं रडतायत, शेंगा फुटतायत. एखाद्या जागी सगळा तंबू गप्प व्हायचा. दुसऱ्या गावाला तीच फिल्म, तीच जागा, पुन्हा गप्प. मला तंत्राचं नाव ठाऊक नव्हतं, पण जागा ठाऊक होती. बहुतेक वेळा ती जागा बोलण्याची नसायची. आवाज अचानक थांबायचा, नाहीतर लांबचं चित्र एकदम जवळ यायचं.

बेटा, रिळाचा हिशेब सांगतो. पस्तीस एमएमच्या एका फुटात सोळा चौकटी, म्हणजे फ्रेम, सेकंदाला चोवीस चौकटी पळतात. हजार फुटी रीळ म्हणजे अकरा मिनिटं. तुझी फिल्म एका-सव्वा रिळाची आहे. एवढ्या थोड्या फिल्ममध्ये माणूस एक फूटही वाया घालवत नाही. म्हणून एखादी वस्तू दोनदा दिसली तर ती उगाच दिसलेली नाही असं धरून चाल.

नंदुरबारी

काका, हे शेवटचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

चाळीसगावकर

प्रकाशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या चाळीसगावात छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, आता ते संग्रहालय आहे. जळगावहून रेल्वेने सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता येतं. मूस आयुष्याची कित्येक वर्षं त्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत, आणि घरात बसून त्यांनी ‘टेबल टॉप’ फोटोग्राफी केली. टेबलावर साध्या, घरगुती वस्तू मांडायच्या, एका बाजूने प्रकाश टाकायचा, आणि फोटोत अख्खा निसर्ग उभा राहायचा. बघणाऱ्याला मैलभराचं दृश्य वाटतं, असतं हातभराचं.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा चौकट काय करते ते कळलं. टेबलाची कड फोटोत आली असती तर सगळा खेळ संपला असता. म्हणजे चौकटीत काय घेतलं याइतकंच काय बाहेर ठेवलं तेही बघायचं. ‘टू’मध्ये आईवडील कुठे आहेत? शेजारीपाजारी? रस्त्यावरची माणसं? राय यांनी ती टेबलाच्या कडेसारखी बाहेर ठेवली, म्हणून दोन पोरं आणि मधली हवा एवढंच जग उरलं. आणि छायाचित्रण सौमेंदु राय यांचं आहे, तेव्हा खोलीतला उजेड आणि बाहेरचं ऊन यांतला फरक बघ. कोणत्या मुलावर उघड्या आभाळाचा उजेड आहे? निबंधात हे दोन ओळींत आलं तरी पुरे, पण स्वतः बघून लिही.

तापीपल्याड

मला तर ही फिल्म दोन पोरांची वाटतच नाही. मोठं, शस्त्रांनी भरलेलं राष्ट्र आणि छोटं राष्ट्र. कोका-कोला बघा. बंदूक बघा. साल बघा. केळीबागने हेच धरून लिहावं, सर खूश होतील.

गिरणाकाठ

वाचन म्हणून चुकीचं नाही, तापीपल्याड. पण विद्यार्थ्याने तिथून सुरुवात केली की शॉट विसरले जातात आणि राजकारणावर निबंध होतो. असा अर्थ निबंधाच्या शेवटाकडे, एका वाक्यात, आणि आधी दाखवलेल्या शॉटच्या जोरावर यावा. बाटली फ्रेममध्ये कुठे आहे, कितीदा आहे, त्या वेळी मुलगा काय करतोय हे आधी.

केळीबाग

धागा वर काढतेय. 🙂

संक्रांतीला घरी आले. दोन रात्री बसून शॉट लिहिले, हात दुखून आले. संकलक दादा, तुमची शॉट आखूड होण्याबद्दलची शंका मी मोजून तपासली, त्याचा तक्ता शेवटी जोडणार आहे. पण खरी गोष्ट वेगळीच सापडली आणि ती लॅपटॉपवर नाही सापडली.

आमचं जुनं घर धाब्याचं आहे. काल दुपारी मी धाब्यावर उभी होते आणि चुलतभाऊ खाली गल्लीत पतंग उडवत होता. त्याच्याशी बोलताना मी खाली बघत होते, तो मान वर करून. मग पतंग चढला. आणि मला पण मान वर करावी लागली. पतंग माझ्याही वर होता आणि दोरी मात्र खालच्याच्या हातात. मी तिथेच थांबले. हेच तर ‘टू’मध्ये होतं!

पहिल्या सगळ्या भागात वरचा मुलगा खाली बघतो आणि खालचा वर. मी ‘हाय अँगल म्हणजे असहाय’ असं लिहिलं होतं ते याच भागावरून. पण पतंग दिसतो तेव्हा वरच्या मुलाला पहिल्यांदा आपल्यापेक्षा उंच काहीतरी बघावं लागतं. घर तेच, खिडकी तीच, दोघं आपापल्या जागी आहेत, पण उंची कुणाची हे उलटलं. खेळण्यांत तो हरत नव्हता, कारण प्रत्येक वेळी कपाटातून आणखी मोठं काहीतरी निघत होतं. पतंगाला उत्तर देणारं खेळणं त्याच्याकडे नाही. म्हणून गलोल, आणि मग बंदूक. आत्तापर्यंत तो आपल्या वस्तू दाखवत होता, इथे तो पहिल्यांदा दुसऱ्याची वस्तू मोडतो.

मग डोळे मिटून ऐकलं. गरीब मुलगा फिल्ममध्ये येतो तोच आवाजाने. आधी बासरी, मग खिडकी, मग तो. शेवटीही तसंच, पतंग गेल्यावर आधी बासरीच येते. म्हणजे दोन्ही वेळा त्याचा आवाज त्याच्या आधी खोलीत शिरतो. ही बासरी कथेच्या आतली आहे, वरून जोडलेलं पार्श्वसंगीत नाही, म्हणून तर तो मुलगा ती ऐकू शकतो. मी ‘संगीत प्रसंगाला साजेसे आहे’ लिहिलं होतं त्याची आता लाज वाटते.

नवा परिच्छेद टाकतेय, कृपया बघा:

“फिल्मच्या पूर्वार्धात नजरेची दिशा ठरलेली आहे. खिडकीतला मुलगा खाली पाहतो, अंगणातला वर. प्रत्येक कट या नजरेवर होतो, त्यामुळे उंचीतला फरक हाच दोघांमधला फरक म्हणून आपल्या मनात पक्का होतो. पतंग ही दिशा मोडतो. आता खिडकीतल्या मुलाला मान वर करावी लागते, आणि त्या पतंगाची दोरी खालच्या मुलाच्या हातात आहे. बंदूक पतंग पाडते आणि जुनी उंची परत येते. पण बासरीला उंची नाही. ती कुठल्या बाजूने आली हे चौकट ठरवू शकत नाही आणि तिच्यावर नेमही धरता येत नाही. दिग्दर्शकाने ध्वनीचा प्रभावीपणे वापर करून श्रीमंत मुलाचे एकटेपण दाखवले आहे.”

गिरणाकाठ

केळीबाग, खूप आनंद झाला. ‘पण बासरीला उंची नाही’ हे वाक्य कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. शेवटचं वाक्य मात्र तुझ्या जुन्या खर्ड्यातून चालत आलंय. ते काढून टाक. एकटेपण दाखवायचंच असेल तर बासरी वाजते तेव्हा तो मुलगा कसा बसलाय, हात कुठे आहेत, आजूबाजूला कुठली खेळणी चालू आहेत ते लिही. वाचणाऱ्याला ‘एकटेपण’ हा शब्द आपोआप सुचेल.

अजून एक. ‘नेम धरता येत नाही’ हे तुझं अनुमान आहे आणि योग्य आहे, पण मुलगा बासरी ऐकल्यावर बंदुकीकडे हात नेतो का, हे नीट बघून मगच ठेव. एक शॉट विरोधात निघाला तर वाक्य पडेल.

पारोळकर

माझा आवंढा तिथेच होता. बासरी परत आली तिथे. मला वाटत होतं गरीब पोराची कीव आली म्हणून. आज कळलं, मी त्या क्षणी श्रीमंत पोराजवळ बसलो होतो, त्याच्या खोलीत, आणि बासरी त्याच्या कानांनी ऐकत होतो. रकान्यांबद्दल बोललो ते मागे घेतो.

संकलक_धुळे

मस्त जमलंय. प्रत्येक दाव्याच्या पुढे वेळ टाक, मिनिट आणि सेकंद, म्हणजे सरांना फिल्म लावून तपासता येईल. आणि पाहिलेली प्रत किती मिनिटांची आहे तेही एकदा लिही, प्रतीप्रतीत वेळ थोडी मागेपुढे होते.

रिळवाला

बेटा, शेवटच्या मनोऱ्याबद्दल तू काही लिहिलं नाहीस. सव्वा रिळात शेवटचे काही फूट त्याला दिलेत.

केळीबाग

काका, खरंच राहिला. मी तो नुसता शेवट म्हणून सोडून दिला होता. ‘प्रभावीपणे’चं वाक्य काढलंय, वेळा भरतेय. बंदुकीचं उद्या सकाळी बघते. आत्ता तो मनोरा आधी कुठे उभा राहिला, कोणी रचला, आणि मधल्या गडबडीत तो कुठल्या शॉटमध्ये मागे दिसतो हे शोधायला पुन्हा पहिल्या मिनिटापासून बसतेय.